पडद्यांची वाटणी

डोहवाडी,
४ ऑगस्ट १९७८

चि. ज्योतिबा भावजी यांस वहिनीचा आशीर्वाद.

पत्रास कारण पाणी. बाकी सगळं मागून.

सहा वर्षांत माझं पत्र नाही आणि आज आलं म्हणून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुमचे दादा धडधाकट आहेत आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता तिथंच आहे. हे पत्र मी लिहिते आहे ते त्यांना ठाऊक नाही. तेव्हा उलट टपाली "दादांस साष्टांग" वगैरे घालून माझी पंचाईत करू नका. उत्तर तासगाव गाडीच्या कंडक्टरजवळ द्या. ज्ञानू त्याचं नाव, माझ्या माहेरचा, रहिमतपूरचा आहे. तो माझ्याच हातात आणून देईल.

कोयनेचं पाणी सोडलंय म्हणतात. वर साताऱ्याकडं पाऊस उघडीप द्यायला तयार नाही. काल कृष्णामाई नदीकाठच्या मळीच्या उसात शिरली, आज मारुतीच्या पारापर्यंत आली. पोती माळ्यावर गेली, म्हशी वरच्या आळीत बांधल्या, माझी शिवणाची मशीन दगडाबाईच्या घरी गेली. सगळ्याची सोय लागली. राहिले ते मामंजींचे पडदे.

तुमच्या वाटणीचे तीन तुम्ही तासगावला नेलेत: जंगल, बाग आणि तुरुंग. आमच्या वाटणीचे चार, म्हणजे दर्शनी, महाल, रस्ता आणि देऊळ, इथं पुढच्या सोप्यात तुळयांना टांगलेत. मामंजींनी सांगलीच्या नाटक कंपनीत रंगाऱ्याच्या हाताखाली राहून ही विद्या मिळवली, ती आपल्या गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी. आपले दोन लेक पडद्याचं एकेक टोक धरून भांडतील हे त्या देवमाणसाच्या स्वप्नातही आलं नसेल. जमीन वाटली, विहिरीची पाळी वाटली, हंडे-घागरी वाटल्या, ते जगरहाटीला धरून झालं. पण पंच बसवून नाटकाचे पडदे वाटणारं आपलंच घर. तेव्हापासून गावात नाटक नाही. होणार कसं? राजा महालातून शिकारीला निघाला तर जंगलात जायला त्याला तासगावची एस.टी. धरावी लागेल.

हसलात ना? हसा. पण वाटणीच्या वेळी यांनी पंचांपुढं जे तोंड सोडलं ते मी विसरलेले नाही. "घरजावयाला पडदं कशाला पायजेत? सासऱ्याच्या दारात तमाशा मांडायला?" हेच ना ते? तो शब्द तुम्ही मागं घ्या, असं मी यांना दुष्काळाच्या सालापासून सांगते आहे. यांच्या तोंडून तो निघत नाही. तुम्हीही त्या दिवशी तुरुंग खांद्यावर टाकून जे गेलात ते गेलात. मला मात्र दोघांपैकी कोणी काही विचारलं नाही. नवी नवरी होते तेव्हापासून मामंजींच्या रंगात घालायचा सरस मी उकळला, नीळ मी खलली, पिवळ्या मातीची पिवडी मी चाळली. घरातल्या हंड्याइतकाही त्या दिवशी माझा विचार झाला नाही. असो. हे रडगाणं गात बसले तर पाणी चुलीत येईल.

माझं म्हणणं एवढंच. पडदे सरसातल्या रंगांचे आहेत. पाणी लागलं की हे रंग वाहतात आणि ओल धरली की बुरशी येते. तुमचं बेदाणे वाळवायचं शेड पावसाळ्यात रिकामंच असतं ना? उंचावर आहे, वारा खेळता आहे आणि तुमच्याकडं पाऊस नावालाच. चारही पडदे तिथं ठेवून घ्या. सडकेपर्यंत मी आणते, पुढं तुमचा ट्रॅक्टर. यांना कसं तयार करायचं ते माझ्यावर सोडा. पुरात कोणी देव उचलतं, कोणी डागदागिने उचलतं. मी पडदे उचलणार आहे.

उत्तर आलं नाही तरी मी ते घेऊन येणारच आहे, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची वहिनी,
राहीबाई


डोहवाडी,
१३ ऑगस्ट १९७८

चि. ज्योतिबा भावजी यांस आशीर्वाद.

"शेड रिकामं आहे, आणा." एवढीच तुमची चिठ्ठी. सरकारनं शब्दांवर कर बसवलाय काय?

काल सडकेवर तुम्ही ट्रॅक्टरवर आणि हे बैलगाडीवर. दोघांनी मिळून चार पडदे गाडीतून ट्रॉलीत चढवले आणि एकमेकांशी एक शब्द नाही. "त्याला म्हणावं टोक वर उचल," हे मला सांगतात. "त्यास्नी म्हणावं दोरी सोडा," तुम्ही मला सांगता. तुम्ही दोघे हाताच्या अंतरावर आणि मधे मी टपालखातं. बैलसुद्धा टकामका बघत होते. तरी मला बरं वाटलं. चिखलात ट्रॉलीचं चाक रुतलं तेव्हा दोघांनी न बोलता एकदम खांदा लावलात, ते मी बघितलं.

त्याआधी घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, ते सांगते.

तुमची चिठ्ठी यायच्या आधीच पाणी सोप्यात शिरलं. मी यांना म्हणत होते, पडदे काढा, पडदे काढा. यांचं एकच, "एवढ्या वर पाणी कवा आलंय का?" आलं नव्हतं ते या वेळी आलं. आम्ही वरच्या आळीला दगडाबाईकडं गेलो. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पोटरीएवढा गाळ. पडदे तुळयांनाच होते, पण दर्शनी पडद्याची एक दोरी कुजलेली होती, ती तुटून त्याचं खालचं टोक पाण्यात लोंबत राहिलं होतं. बाकीच्या तिघांवर कौलांतून गळती. गुंडाळीत हात घातला तर ओल पार आतपर्यंत.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उघडू, नाहीतर सरस चिकटून बसेल आणि उलगडताना रंगाचे पापुद्रे निघतील. हे पडद्यांपुढं आडवे. "नांदी झाल्याबिगर पडदा उघडायचा न्हाई. आबांचा शब्द हाय."

हा नियम मामंजींनी का केला ते मला विचारा. पोरं उगाच गुंडाळ्या सोडून बघायची, त्यात रंग झडायचा. म्हणून त्यांनी धाक घालून ठेवला होता की नांदीशिवाय पडदा उघडला तर घरात भांडण लागतं. आता गंमत बघा. सहा वर्षांत या घरात पडदा एकदाही उघडलेला नाही आणि भांडणाशिवाय दुसरं काही नाही.

पण वाद घालायला वेळ कुणाला होता? मी म्हटलं, "नांदी पायजे न्हवं? मी करती." दगडाबाईला हाक मारली. पुरात नारळ कुठला मिळणार, तिच्या देव्हाऱ्यातला घेतला. तो उंबऱ्यावर फोडला आणि आम्ही दोघी बायका गाळात उभ्या राहून नांदी म्हणायला लागलो. मला सुरुवातीच्या ओळी येत होत्या. दगडाबाईला तेवढ्याही येत नव्हत्या, ती नुसता मागून सूर धरत होती आणि तो सूर जात्यावरचा. हे खाली बघून उभे. थोडं पुढं गेल्यावर मी भलत्याच गाण्यात शिरले. तेव्हा मात्र यांना राहवलं नाही. "चुकीचं म्हणतायसा," म्हणाले आणि स्वतः म्हणायला लागले.

भावजी, यांचा गाता आवाज मी विसरले होते. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, पाय गाळात, डोळे मिटलेले, आणि यांनी सगळी नांदी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. दगडाबाई रडायला लागली. मलाही रडू आलं, त्यात लाजायचं काय.

मग उघडले. महाल, रस्ता, देऊळ ओले पण शाबूत होते. दर्शनी पडद्याचा खालचा हातभर भाग, घाटाच्या पायऱ्या होत्या तो, धुऊन गेला. पण वरची नदी आहे, होडी आहे आणि होडीवरचं ते भलंमोठं निळं आभाळ जसंच्या तसं आहे. ते बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मामंजी गेले, पण त्यांचं आभाळ मी राखलं असं वाटलं. ओल्या घरात पडदे वाळणार नाहीत हे यांनाही पटलं; तासगावचं नाव मी काढलं आणि यांनी बैल जुंपले.

तुमच्या शेडात आता नुसते पडदे नाहीत हे विसरू नका. माझा जीव तिथं टांगलाय.

राहीबाई


डोहवाडी,
२१ ऑगस्ट १९७८

चि. ज्योतिबा भावजी यांस आशीर्वाद.

या वेळी पुरतं पानभर लिहिलंत, आनंद झाला. रंगूनं बाजूला जाऊबाईंना नमस्कार घातलाय, तोही पोचला. तिला म्हणावं, तू आपल्या घरात माझे पडदे घेतलेस, तुझ्या हातची भाकरी खायला मी एकदा येणार आहे.

पडदे तुम्ही बेदाणे वाळवायच्या जाळ्यांच्या वर आडव्या वाशांना लावलेत हे बरोबर केलंत. आता एवढं सांभाळा. ऊन थेट लागू देऊ नका, सरस तडकतो. गाळ ओला असताना पुसू नका, वाळला की आपोआप झडेल. घडी तर मुळीच घालायची नाही. कोणी बघायला आलं तर लांबून बघू दे, बोट लावून बघायची आपल्या लोकांना भारी खोड.

देवळाच्या पडद्यावर कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसते असं तुम्ही लिहिता. मला इथून काय दिसणार? ती पसरू देऊ नका. माल कसा वाळवायचा आणि बुरशीपासून कसा राखायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. काय करायचं ते करा, पण तिला पुढं सरकू देऊ नका.

इथं गाळ काढून काढून कंबर गेली. मळीचा ऊस आडवा झालाय. हे त्याबद्दल बोलत नाहीत. काल मात्र जेवताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तासगावला वारं कसं हाय म्हणं?" मी म्हटलं, वारं चांगलं आहे. माणसंही चांगली आहेत. यावर त्यांनी आमटी मागितली.

राहीबाई


डोहवाडी,
५ सप्टेंबर १९७८

ज्योतिबा भावजी,

आज आशीर्वाद नाही. तो पुढं बघू.

काल तुमच्या दारातून मी चहा न घेता निघाले. रंगूला वाईट वाटलं असेल. तिच्यावर माझा राग नाही हे तिला आधी सांगा.

तुम्ही मला हौसेनं शेडाकडं नेलंत. ताडपत्री बाजूला सारलीत. सातही पडदे ओळीनं टांगलेले होते. आमचे चार आणि त्यांच्या शेजारी तुम्ही तुमचे तीनही आणून लावले होते. वाटणीनंतर पहिल्यांदा सगळे एका जागी. ते बघून मला खरं तर तुम्हाला जवळ घ्यायचं होतं. पण मी खुळ्यासारखी उभीच राहिले. मला वाटलं बाहेरच्या उजेडातून आत आले म्हणून डोळ्यांना तसं दिसतंय.

आभाळ नव्हतं. दर्शनी पडद्यावर होडीच्या वर ताक सांडल्यासारखं पांढुरकं. महालाच्या खिडकीतलं आभाळ गेलं, देवळाच्या कळसामागचं गेलं. आणि जंगल? मामंजी नीळ आणि पिवडी एकत्र करून झाडांचा हिरवा करायचे. त्यातली नीळ गेली आणि पिवडी तेवढी मागं राहिली. सगळं जंगल वैशाखात वाळल्यासारखं उभं होतं.

तुम्ही म्हणालात, "गंधकाची धुरी दिली वहिनी. ताडपत्र्या बांधून दोन दीस कोंडली. बेदाण्याचा रंग राखती ती, बुरशीबी येऊ देत न्हाई. म्हटलं, पडद्याचाबी रंग राखंल." आणि तुम्ही हसत होतात.

भावजी, हसत होतात! तुम्हाला दिसलंच नव्हतं. सहा वर्षं तुमच्या माळ्यावर पडलेलं जंगल मुळात कसं होतं हेच तुम्ही विसरला होतात. आबांचं म्हणून ज्याच्यासाठी पंचांसमोर भांडलात, ते हिरवं होतं की पिवळं हे तुम्हाला आठवेना. आभाळ गेलं त्याहून मला हे जास्त लागलं. मी "जंगल बघा" म्हटलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला. तुम्ही झाडांवरून हात फिरवत राहिलात. मला तिथं थांबवेना.

काल गाडीत मला माझंच वाक्य आठवत होतं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, काय करायचं ते करा. मीच लिहिलं होतं ना? द्राक्षवाल्याला "माल राखा" म्हटलं तर तो गंधकच पेटवणार. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पाण्यापासून वाचवलेले पडदे धुरानं नेले.

घरी आल्यावर हे विचारत होते, "वाळलं का?" मी म्हटलं, छान वाळले. उद्या गणपती बसायचा, घरात गाळाचा वास अजून आहे, यांचं तोंड कुठं जरा उजळलंय. आज सांगायचं धाडस झालं नाही.

पण मी सांगणार आहे. आणि तुम्ही एक करा. गंधकाचं पिंप शेडातून बाहेर काढा आणि त्या पडद्यांना माझ्या परवानगीशिवाय कोणी काहीही करायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही.

राहीबाई


डोहवाडी,
१९ सप्टेंबर १९७८

चि. ज्योतिबा भावजी यांस आशीर्वाद. बघा, परत सुरू केला.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. रात्री झोप लागत नाही म्हणता, ते खरं असणार. पण पुढं जे लिहिलंय ते मला मान्य नाही. सांगलीत सिनेमाचे फलक रंगवणारा कोणी ओळखीचा आहे, त्याला आणून दादांना कळायच्या आत आभाळ पुन्हा निळं करून टाकतो, म्हणता. नाही. एक चूक लपवायला दुसरी चोरी केल्यासारखं होईल ते. तो माणूस पडद्यावर निळा रंग चोपडेल, हौसेनं ढग काढेल, एखादा पक्षी सोडेल. मग आपल्याजवळ काय उरलं? आज आभाळ पांढरं आहे, पण ब्रशाचे हात मामंजींचे आहेत. उजेडाकडं धरून नीट बघा, दिसतील. डावीकडून उजवीकडं लांब हात, आणि क्षितिजापाशी आले की आखूड. ते झाकायचे नाहीत. गेलं ते गेलं. राहिलंय त्याला हात लावायचा नाही.

यांना सांगितलं. गणपती उठल्यावर सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा होईल, तुमच्या सासऱ्यापर्यंत उद्धार होईल. तसलं काही नाही. हे उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळानं आले आणि विचारलं, "जंगल कसं दिसतंय?" मी म्हटलं, वाळल्यासारखं. मग म्हणाले, "उद्याच जाऊन आमचं चार पडदं घेऊन येतो. आपलं आपल्या घरात बरं."

आता खरी लढाई इथं आहे, भावजी. पडदे या घरात परत आले की पुढचा पूर ते घेऊन जाणार, हे मला तुळया दिसतात तितकं स्पष्ट दिसतं. आणि यांना वाटतं, धाकट्याच्या घरात ठेवले तर वाटणी हरलो. मी यांना म्हटलं, धुरीनं रंग गेला, पण कापड आहे, रेघ आहे, चित्र आहे. नदी आली तर पडदा गुंडाळलेला बांबूसुद्धा मिळायचा नाही. ऐकत नाहीत. मी बैलगाडीचं जू लपवून ठेवलंय. हसू नका, खरंच लपवलंय, दगडाबाईच्या चुलीमागं.

तोवर तुम्ही पडदे सोडू नका. हे आले तरी सोडू नका. वहिनीनं सांगितलंय म्हणा.

राहीबाई


डोहवाडी,
४ ऑक्टोबर १९७८

चि. ज्योतिबा भावजी यांस आणि सौ. रंगूबाईस आशीर्वाद.

वाटणी पुन्हा करायची आहे. या वेळी पंच मी आहे आणि मला कोणी विचारण्याची मी वाट बघणार नाही.

आधी हे कसं घडलं ते सांगते. दसरा आला म्हणून यांनी सोप्याला चुना काढला. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर होती, ती यांना डोळ्यांसमोर नको होती. एक हात मारला, वाळला, रेघ वर आली. दुसरा मारला, तरी वर आली. तिसऱ्यांदा चुना कालवायला लागले तेव्हा मी स्टूल ओढून त्या रेघेखाली बसले. रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर. मी म्हटलं, "आता सांगा, पडदं कुटं बांधायचं? हितनं वर कौलंच हायती." हे चुन्याची बादली हातात घेऊन उभे राहिले. मग ती खाली ठेवली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. शेवटी म्हणाले, "तुजं काय म्हणणं हाय ते एकदा सगळं सांग." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग सांगितलं. तेच तुम्हाला लिहिते.

सातही पडदे तासगावला राहतील. शेडात नाही, कारण फाल्गुनात तुम्ही तिथं पुन्हा गंधक पेटवणार. तुमच्या विहिरीवरच्या पक्क्या खोलीत, जमिनीपासून वर, नव्या दोऱ्यांवर. हे चार तुमचे आणि ते तीन आमचे असं पुन्हा कोणी म्हणायचं नाही. दरसाल संक्रांतीनंतर कोरड्या वाऱ्यात ते एकदा उघडायचे, बघायचे, कडुलिंबाचा पाला घालून सैल गुंडाळायचे. नांदी म्हणायची तर म्हणा, नाही म्हटली तरी माझी हरकत नाही. नाटकात ते पुन्हा लावायचे नाहीत. दोऱ्यांचे हिसके, गॅसबत्तीची धग, अवकाळीचे शिंतोडे, हे त्यांनी पुष्कळ सोसलं. आता म्हातारे झालेत, त्यांना बसू दे.

नाटकासाठी नवे करायचे. नवं मांजरपाट आणायचं, जुने समोर टांगायचे आणि त्यांच्याकडं बघून रेघेला रेघ लावून काढायचे. रेघ तुम्हाला जमते, लहानपणी मामंजींच्या शेजारी बसून तुम्ही महालाचे खांब काढायचा ते मला आठवतंय. हे अस्तर द्यायला आहेत, खडू आणि सरस लावायला यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही. रंग मी देईन. आभाळाला नीळ किती, खडू किती, झाडाला पिवडी किती, हे कुठं लिहिलेलं नाही. माझ्या हाताला माहीत आहे. अजून नजर चांगली आहे, पुढं मोतीबिंदू आला तर कोणाला विचारणार? म्हणून हे याच हिवाळ्यात व्हायला हवं. चैत्राच्या जत्रेत नाटक झालं पाहिजे. राजानं शिकारीला चालत जायला हवं.

शिडीवर चढून बाईनं पडदा रंगवायचा हे आपल्याकडं कोणी बघितलेलं नाही. तेव्हा मी खाली उभी राहून सांगेन आणि तुम्ही वरून लावा. चुकलात तर मात्र माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

आता राहिला तो शब्द, पंचांपुढचा. तो मला मागं घेता येत नाही, कारण तो माझा नव्हे. हे पत्र मी यांना वाचून दाखवलंय. पहिल्या पत्रापासून सगळं सांगितलंय, ज्ञानूचंही. "मला ठावं हुतं," म्हणाले. कधीपासून ते विचारलं तर सांगेनात.

खाली अर्धं पान कोरं सोडून कागद यांच्यापुढं ठेवते आणि भाकरी टाकायला जाते. काही लिहिलं तर तुम्हाला मिळेल. नाही लिहिलं तर कोरं येईल, तेही यांचंच समजा.

राहीबाई

ज्योतिबा,

तिनं लिव्हलंय ते सगळं कबूल हाय. पडदं तुझ्याकडंच ऱ्हाऊ देत. पंचांफुडं मी बोललो ते बोलायला नको हुतं. धुरीचं मनाला लावून घिऊ नगंस. तुझ्या जागी मी असतो तर मीबी दिली असती.

दसरा झाला की येतो. मांजरपाट सांगलीतनं घेतो. उंच शिडी तुझ्याकडं हाय का बघ, नसंल तर हितनं आणतो. आभाळ तुझी वहिनी रंगवंल. शिडी आपुन दोघं धरू.

दादा